वाचकांचे प्रश्न : कॅम्पसवरचा कचरा

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं, तुमच्या विद्यापीठात कचऱ्याचं घोडं नेमकं कुठे अडतंय? बरीच पत्रं आली, त्यातली चार इथे घेतलीत.

ताई, आमच्या ग्रुपने कॅम्पसभर तीन रंगांचे डबे ठेवले, पोस्टर लावली, वर्गावर्गात जाऊन सांगितलं, तरी सगळ्या डब्यांत सगळंच पडतंय. मुलांना काही पडलेलीच नाहीये का? – एक विद्यार्थिनी

पडलेली असते गं, पण डब्यापाशी माणूस जेमतेम दोन सेकंद थांबतो, पुढच्या लेक्चरची घाई, एका हातात फोन, त्यात जे सोपं वाटेल ते तो करून मोकळा होतो. म्हणून आधी डब्यांकडे बघ. तिन्ही शेजारी शेजारी आहेत का, की एक जिन्यापाशी आणि दुसरा पार गेटजवळ? एकटा डबा दिसला की त्यात सगळंच जाणार, हे धरूनच चालायचं. मग झाकण. बाटलीसाठी गोल भोक, कागदासाठी लांबट फट असली की हात आपोआप थबकतो. २००९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात नुसती अशी झाकणं बसवली तर बाटल्या-कॅन योग्य डब्यात पडण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी वाढलं आणि त्या डब्यात नको ते पडणं ९५ टक्क्यांनी घटलं. एकही भाषण न देता!

पण त्याच्याही आधी एक काम करा, सफाई कर्मचाऱ्यांशी बसून बोला. वेगळा केलेला कचरा मागच्या दाराने एकाच गाडीत पडत असेल तर त्यांना ते पहिल्यापासून माहीत असतं, फक्त त्यांना कोणी विचारलेलं नसतं. आणि एकदा मुलांनी जर तसं होताना पाहिलं ना, तर पुढची दोन वर्षं तुमचं कोणी ऐकणार नाही.

आणि मग एका इमारतीचा एका दिवसाचा कचरा ताडपत्रीवर ओता. हातमोजे, मास्क, वजनकाटा घेऊन ढीग वेगळे करा, प्रत्येकाचं वजन लिहून ठेवा (लॅबचा आणि दवाखान्याचा कचरा अजिबात उघडायचा नाही, तो वेगळा विषय आहे). हे केल्याशिवाय मोहीम सुरूच करू नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारण आपल्याला वाटतं प्लास्टिकच जास्त असेल आणि काट्यावर मात्र ओलं अन्न जड निघू शकतं, मग सगळी मेहनत चुकीच्या ठिकाणी जाते.

वर्ष संपलं की आमच्या हॉस्टेलमागे गाद्या, बादल्या, टेबललॅम्प, पुस्तकं, चांगले कपडे यांचा डोंगर होतो आणि दोन महिन्यांनी नवीन मुलं येऊन हेच सगळं विकत घेतात. बघवत नाही. काय करता येईल? – हॉस्टेलमधला एक विद्यार्थी

तुझं पत्र वाचून मलाही चैन पडेना, कारण हा कचरा नाहीचे, या वस्तूंना फक्त दोन महिने थांबायला जागा मिळत नाहीये. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर विद्यापीठातल्या मुलांनी २०११ मध्ये हेच केलं, जाणाऱ्यांकडून सामान गोळा केलं, सुट्टीभर साठवलं आणि नवीन मुलं आली तेव्हा स्वस्तात विकलं. त्या विक्रीतूनच उपक्रमाचा खर्च निघायला लागला, आणि २०१३ मध्ये त्यातूनच इतर कॉलेजांना हे शिकवणारी एक संस्था उभी राहिली.

म्हणजे पहिली मागणी डब्यांची करू नकोस, खोलीची कर. कोरडी, कुलूप लागणारी, सुट्टीभर मिळेल अशी. ती मिळाली की अर्धं काम झालं. गोळा करणं शेवटच्या दिवसावर ठेवायचं नाही, तेव्हा सगळे गाडी पकडायच्या गडबडीत असतात आणि जे हाती येईल ते खिडकीखाली जातं. तीन आठवडे आधीपासून प्रत्येक मजल्यावर एक कोपरा ठरवा, वर चिठ्ठी लावा, आणि ज्याला जे हवं ते त्याने तिथूनच उचलू द्या, बरंच सामान खोलीपर्यंत पोचतही नाही. विजेच्या वस्तू चालवून बघितल्याशिवाय पुढे द्यायच्या नाहीत, वायर सोललेली असेल तर सरळ ई-कचऱ्यात. गाद्यांना ढेकूण असतील तर एक गादी अख्खी खोली खराब करते, त्यामुळे शंका आली तरी नाही म्हणायचं. बॅटऱ्या आणि पॉवरबँक वेगळ्या ठेवा, लिथियमची बॅटरी कचऱ्यात दाबली गेली तर आग लागू शकते.

आणि फुकट द्यायचं की विकायचं यावर ग्रुपमध्ये भांडणं होतील. माझं विचारशील तर अगदी थोडे पैसे घ्या, कारण टेम्पोचं भाडं कुठून तरी द्यावंच लागतं, दरवर्षी वर्गणी मागत फिरलात तर तुमची बॅच पास झाल्यावर उपक्रमही संपेल. ज्याला खरंच परवडत नाही त्याला गाजावाजा न करता तसंच द्या.

कॅन्टीनमध्ये स्वतःचा कप आणणाऱ्याला सवलत ठेवली, कोणी आणतच नाही. – एक कॅन्टीनचालक

सवलत देऊ नका, कागदी कपाचे पैसे वेगळे लावा. ब्रिटनमध्ये कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी विद्यापीठांच्या आणि ऑफिसांच्या कॅफेंमध्ये हे करून पाहिलं, २०१७ मध्ये निष्कर्ष आले. सवलतीने काहीच फरक पडला नाही, कपाचे जादा पैसे लावले तेव्हा पडला. मिळालेला फायदा माणूस सहज सोडतो, खिशातून जाणारा पैसा सोडत नाही. ज्यांच्याकडे कप नसतो त्यांच्यासाठी डिपॉझिटवाले धुता येणारे कप ठेवा, पण ते परत करायची जागा कॅन्टीनच्या बाहेरही हवी, नाहीतर कप हॉस्टेलच्या खिडक्यांत जाऊन बसतात. आणि 'विघटनशील' लिहिलेल्या कपांवर जाऊ नका. त्यातले पीएलएचे, म्हणजे मक्यासारख्या पिकांपासून बनवलेल्या प्लास्टिकचे, जे असतात त्यांना ६० अंशांच्या आसपासचं तापमान बराच काळ टिकवणारा मोठा कंपोस्ट प्लांट लागतो, बागेतल्या खड्ड्यात ते तसेच पडून राहतात.

ऑफिसात कागद फार जातो, आणि एका डिपार्टमेंटच्या खुर्च्या भंगारात जात असताना शेजारचं डिपार्टमेंट नवीन मागवतं. – एक प्रशासकीय कर्मचारी

कागदाचं सोपं आहे, सगळ्या प्रिंटरचं सेटिंग आधीपासूनच दोन्ही बाजूंनी छापायचं करून टाका, एकाच बाजूने हवं असेल त्याने बदलावं. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाने एवढंच केलं आणि काही वर्षांत ५ कोटींहून जास्त पानं वाचली. खुर्च्यांचं मात्र एका माणसावर अवलंबून आहे, खरेदीच्या फाइलवर सही करणाऱ्यावर. नवीन मागणीच्या फॉर्मवरच एक रकाना वाढवून घ्या, 'वापरात नसलेल्या सामानाची यादी पाहिली का', आणि ती यादी फोटोसकट सगळ्या डिपार्टमेंटना उघडी ठेवा. तो रकाना रिकामा असेल तर फाइल परत पाठवायची. पहिले दोन-तीन महिने लोक तुमच्यावर चिडतील, पण तुम्ही फाइल परत पाठवत रहा.