‘डायस्पोरा’ आणि ‘खंयचो रे तू?’

वेंगुर्ल्याकडच्या एका चित्रकार मुलीने विचारलं आहे: “गावातल्या बंद घरांच्या कडी-कोयंड्यांवर आणि कुलपांवर कागद ठेवून, त्यावर ग्रॅफाइट घासून मी ठसे घेतले आहेत. त्यांचं प्रदर्शन आहे. इंग्रजी टिपणात डायस्पोरा, आयडेंटिटी आणि बिलाँगिंग हे तीन शब्द आहेत. मराठी फलकासाठी कोणीतरी ‘अनिवासी समुदाय, अस्मिता आणि संबंधितता’ असं करून दिलं. वाचून माझ्या आईला काही कळलं नाही. काय लिहू?”

आईला कळलं नाही म्हणजे फलक बदलायलाच हवा. ही घरं तिच्या शेजारची आहेत.

पहिला शब्द ‘डायस्पोरा’. मुळात ग्रीक, अर्थ इतस्ततः पांगणं. बी फेकावं तसं. याच अर्थाचा शब्द फारसीतून आपल्याकडे कधीच आलेला आहे: परागंदा. फारसीत ‘परागंदा’ म्हणजे विखुरलेला. पण मराठीत येऊन तो पार बदलला. आपण परागंदा म्हणतो ते कर्ज बुडवून, गुन्हा करून किंवा अब्रू जाऊन तोंड लपवत निघून गेलेल्याला. तुमच्या बाबांच्या पिढीने मनीऑर्डरी पाठवून घरावर कौलं चढवली. त्यांना परागंदा म्हणणं अन्याय होईल. निर्वासित, विस्थापित, हद्दपार हेही बाजूला ठेवा. या शब्दांत हाकलणारा कोणीतरी असतो. रत्नागिरीला आणून ठेवलेला ब्रह्मदेशचा थिबा राजा हद्दपार होता. १८८५ साली राज्य गेलं आणि १९१६ साली तो तिथेच वारला. ‘अनिवासी’ हा बँकेच्या फॉर्मवरचा शब्द आहे, तिथेच शोभतो.

मग ‘चाकरमानी’? मला हा शब्द प्रिय आहे. गणपतीला आणि शिमग्याला गाडी भरून येणारा, अंगणात पाऊल टाकताच आधी विहिरीचं पाणी पिणारा माणूस या एका शब्दात उभा राहतो. २०२५ मध्ये गणपतीच्या तोंडावर सरकारी पातळीवरून ‘चाकरमानी’ऐवजी ‘कोकणवासी’ म्हणावं अशी सूचना निघाली, कारण त्यात ‘चाकर’ आहे. ज्यांना तो शब्द बोचतो त्यांचं म्हणणं मला समजतं. स्वतःला काय म्हणवून घ्यायचं हा त्यांचा हक्क आहे. पण ‘वासी’ म्हणजे वास करणारा, आणि इथे तर नेमकं उलट आहे: वास मुंबईत, दार कोकणात. ते अंतर सांगणारा शब्द काढून घेतला तर त्या जागी काय ठेवायचं?

शिवाय चाकरमानी मुंबईपुरता आहे. कुवेत-बहारीनला गेलेले, चार पिढ्यांमागे केपटाऊनला जाऊन अजून स्वतःला कोकणी म्हणवणारे रायगड-रत्नागिरीकडचे मुसलमान, मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेलेले मराठी, यांना कोणी चाकरमानी म्हणत नाही. या सगळ्यांना कवेत घेणारा शब्द तुमच्या देवळात दर वर्षी मोठ्याने उच्चारला जातो. गाऱ्हाणं आठवा: “बा देवा म्हाराजा, जी तुझी लेकरां पोटापाण्यासाठी परमुलखात गेली असत, तेंची राखण कर रे म्हाराजा!” आणि सगळे म्हणतात, “व्हय म्हाराजा!” परमुलूख. हा शब्द मुंबईला लागतो तसाच मस्कतलाही लागतो. त्यात कोणी हाकललेलं नाही, कोणी पळालेलं नाही. पोटापाण्याचं कारण शेजारीच सांगितलं आहे, आणि बोलणारा मागे राहिलेला आहे, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

कारण ‘डायस्पोरा’ किंवा ‘स्थलांतर’ हे शब्द वरून बघतात, नकाशावरून बघावं तसं. त्यांचीही जागा आहे. रीना सैनी कल्लाट यांची ‘वोव्हन क्रॉनिकल’ ही कलाकृती म्हणजे विजेच्या तारांनी भिंतीवर विणलेला जगाचा नकाशा आहे, माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटा दाखवणारा. तिला ‘स्थलांतर’ अगदी चपखल बसेल. तुम्ही मात्र कुलपावर कागद ठेवला आहे. तुमचं अंतर हातभराचं आहे, शब्दही तेवढ्याच अंतरावरचा हवा.

‘आयडेंटिटी’साठी ‘अस्मिता’ नको. योगसूत्रांत अस्मिता हा पाच क्लेशांपैकी एक आहे, आणि आजच्या मराठीत ती सभेच्या व्यासपीठावर भेटते. ‘ओळख’ लिहा. ओळख दाखवता येते, विसरता येते, पटवावी लागते. परमुलखातून आलेल्याला हे तिन्ही अनुभव येतात.

आता ‘बिलाँगिंग’. अडचण इथे आहे आणि गंमतही इथेच आहे. ‘संबंधितता’ कोणी बोलत नाही. ‘आपलेपणा’ सुचतो, पण आपलेपणा दुसऱ्याने दाखवायचा असतो. परक्या घरातही तो मिळतो. इंग्रजीत यासाठी क्रियापद लागतं, आपल्याकडे ते काम एक प्रत्यय करतो: चा-ची-चे. आचऱ्याचा. म्हापणची. पोरगा अनोळखी दिसला की गावातली म्हातारी दोनच प्रश्न विचारते: “खंयचो रे तू?” आणि “कोणाचो?” दोन्हींत तोच प्रत्यय. उत्तरात नोकरी, शिक्षण, आधारकार्डावरचा पत्ता काहीच चालत नाही. “मधल्या वाडीतल्या परबांचो” म्हटलं की पुरतं.

याच्या जोडीला क्रियापद ऐका. “झील मुंबयक असता.” राहता नव्हे, असता. प्रमाण मराठीतही “मुलगा पुण्याला असतो” म्हणताना आपण तेच करतो. ‘राहतो’ म्हटलं की बिऱ्हाड आलं, कायमपणा आला. ‘असतो’ म्हणजे सध्या तिथे आहे, बोलावलं तर येईल. हे ‘सध्या’ चाळीस वर्षं चालतं. लालबाग-परळच्या गावकीच्या खोल्यांत, वळकट्या भिंतीला लावून आळीपाळीने झोपलेली माणसं आयुष्यभर मुंबईला ‘असली’, आणि मालवणची, देवगडची राहिली.

‘कर’ हा प्रत्यय आणखी लांब जातो. रोज गावातच असलेल्या माणसाला गावाचं नाव लावायची गरज सहसा पडत नाही. ते लागतं बाहेर पडल्यावर, निदान बाहेरच्यांशी गाठ पडल्यावर. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज गलबत फुटून उतरले, असं बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, सांगतात. शेकडो वर्षं कोकणात काढून, तेलाच्या घाण्यांवर शनिवारी सुट्टी पाळून ‘शनिवार तेली’ झालेली ही माणसं १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. ‘डायस्पोरा’ हा शब्द मुळात ज्यूंच्याच पांगण्यासाठी रुळला. त्या हिशेबाने ती माघारी, घरी गेली. पण जाताना नावं काय घेऊन गेली? रोहेकर, पेणकर, नवगावकर. घरी पोचल्यावरही नावात कोकणातलं गाव. याच समाजातल्या, मुंबईत जन्मून अमेरिकेत गेलेल्या चित्रकार सिओना बेंजामिन यांनी ‘फाइंडिंग होम’ नावाची चित्रमालिकाच केली. त्यांच्या चित्रांतल्या बायका निळ्या असतात. मला ती चित्रं बघताना दर वेळी ‘कर’ आठवतो.

आणि तुम्ही चित्रकार झरीना यांचं काम बघितलं नसेल तर जरूर बघा. १९३७ साली अलीगढला जन्म, घरचे पुढे पाकिस्तानात, त्या स्वतः बरीच वर्षं न्यूयॉर्कला. १९९९ सालच्या ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ या मालिकेत ३६ लाकूडठसे आहेत आणि प्रत्येकावर एक उर्दू शब्द. त्यांनी आधी शब्दांची यादी केली, चित्रं मागून आली. शब्द पाकिस्तानातल्या एका खुशनवीसाकडून, म्हणजे सुलेखनकाराकडून, लिहून घेतले. कुठेही वाक्य नाही. एकेक साधा, घरात वापरायचा शब्द आणि काही काळ्या रेघा. इंग्रजीत राहणाऱ्या चित्रकर्तीने घरचे शब्द घरच्याच लिपीत ठेवले, हे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

तेव्हा फलकावर तीन संज्ञांची माळ नको. वरच्या ओळीत ‘परमुलखात असणारी माणसं’ लिहा, आणि खाली मोठ्या अक्षरांत मालवणीतच ‘खंयचो? कोणाचो?’. ‘असणारी’च ठेवा, मुद्रितशोधकाने ‘राहणारी’ केलं तर परत बदलून घ्या. ठशांना ‘शीर्षकरहित १’, ‘शीर्षकरहित २’ अशी नावं देऊ नका. गावात त्या घराला जे म्हणतात ते लिहा, चा-ची-चे सकट. नावं आईला विचारा. आणि जमल्यास प्रत्येक ठशाखाली एक ओळ द्या: त्या कुलपाची किल्ली सध्या कोणाकडे असते.