‘मॅडम, वाचलेलं लक्षातच राहत नाही’

ही तक्रार घेऊन येणारी मुलं बहुतेक वेळा भरपूर वाचणारी असतात. आळशी मुलाला ही शंका येतच नाही.

बीडकडची एक मुलगी अशीच आली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहायची, सकाळी अभ्यासिका उघडली की आत, रात्री बंद झाली की बाहेर. एमपीएससीच्या संयुक्त पूर्व परीक्षेत दोनदा थोडक्यात हुकलेली. घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती, त्यामुळे आवाजात घाईही होती. ‘माझी स्मरणशक्तीच गेलीय. काही तपासणी करावी लागेल का?’

झोप, जेवण, पाळी, मन उदास असणं या सगळ्याची चौकशी केली. काळजी करण्यासारखं काही दिसलं नाही. मग म्हटलं, पुस्तक मिटून ठेव आणि मला पंचायत राजची 73वी घटनादुरुस्ती सांग. तिला पान डाव्या बाजूचं होतं हे आठवलं, कुठल्या ओळी पिवळ्या केल्यात तेही आठवलं. पण अकराव्या अनुसूचीत विषय किती, हे सांगता येईना. मी ‘29’ म्हटल्याबरोबर ती उसळून म्हणाली, ‘अहो, माहीत होतं मला!’

खरी गोम इथेच होती. पुस्तक पाचव्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ती ओळखच आपण आठवण समजतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांवर हे तपासलं. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं, ते पुढे गेले. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

म्हणून नवीन पुस्तक घेणं बंद केलं. ते तिला फार जड गेलं. शेजारच्या टेबलावर नवी नोट्स दिसली की झेरॉक्स काढायचीच, असा तिथला रिवाज. ठरलं असं की एक घटक वाचायचा, मिटायचा, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं आणि मग राहिलेलंच पुन्हा बघायचं. दुसऱ्या दिवशी तोच घटक न वाचता लिहायचा, नंतर आठवड्याने. पहिले काही दिवस ती रडकुंडीला आली, कारण कागद रिकामे राहायचे. मी तिला सांगितलं की आठवताना होणारा हा त्रास म्हणजेच अभ्यास चालू आहे.

जुन्या प्रश्नपत्रिका ती ‘शेवटच्या महिन्यात’ सोडवणार होती. सगळेच असं म्हणतात आणि मला ते अजिबात पटत नाही. पूर्व परीक्षेत 100 प्रश्न आणि 60 मिनिटं. ही घाई अंगवळणी पडायला महिना पुरत नाही. तिची एक जुनी उत्तरपत्रिका आम्ही समोर ठेवली आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहिलं: माहीतच नव्हतं, दोन पर्यायांत गोंधळ झाला, की प्रश्न नीट वाचला नाही. तिसऱ्या प्रकारच्या चुका बघून ती गप्पच झाली. ‘अयोग्य विधान ओळखा’ असं विचारलेलं आणि हिने योग्य ओळखलेलं. या गुणांचा स्मरणशक्तीशी काय संबंध?

नकारात्मक गुणांची भीती होतीच. चुकीला पाव गुण कापतात, म्हणून ती शंका आली की प्रश्न सोडायची. कागदावर हिशोब मांडला: दोनच पर्याय उरलेत असे दहा प्रश्न सोडवले आणि निम्मे चुकले, तरी पाचातून सव्वा जाऊन पावणेचार गुण हातात राहतात. काहीच माहीत नसलेला प्रश्न मात्र सोडावा.

लग्नाच्या विषयावर वडिलांशी वेगळं बोलणं झालं. मुदत ठरली, आणि ती संपली तर काय करायचं हेही तिनेच लिहून काढलं. पुढची पूर्व परीक्षा ती उत्तीर्ण झाली. आता मुख्य परीक्षेच्या व्याकरणाने छळलंय, तर धाकट्या बहिणीला रोज फोनवर प्रश्न विचारायला लावते. बहीण दहावीत आहे आणि चूक झाली की मनसोक्त हसते, अशी तिची ताजी तक्रार आहे.