प्रबोधनकाळातलं चार आवाजांचं गाणं : प्रत्येकाकडे फक्त आपलीच ओळ

प्रश्न दोन आहेत. युरोपातल्या प्रबोधनकाळातली चार आवाजांची गाणी फक्त चर्चपुरतीच होती का? आणि सगळे आवाज एकाखाली एक लिहिलेली प्रत समोर नसताना गायक जमवून कसे घ्यायचे?

चर्चमध्ये एक भलंमोठं पुस्तक उंच घडवंचीवर उघडून ठेवत आणि सगळे गायक त्याभोवती उभे राहत. समोरासमोरच्या दोन पानांवर प्रत्येक आवाजाचा वेगळा कोपरा असे. घरात किंवा दरबारात मात्र प्रत्येकाच्या हातात निराळी छोटी पुस्तिका. एकीत फक्त वरचा आवाज, दुसरीत फक्त टेनर (पुरुषांचा चढा आवाज), तिसरीत फक्त बेस (सगळ्यांत खालचा). मात्रांचे विभाग दाखवणाऱ्या उभ्या रेघा नाहीत, शेजारचा काय गातोय त्याचा मागमूस नाही. हाताच्या खाली-वर हालचालीने लय धरायची, बाकी सगळी भिस्त कानावर. एखाद्याने विश्रांती, म्हणजे आपण गप्प राहायच्या मात्रा, मोजताना चूक केली की सगळ्यांनी थांबून पुन्हा सुरुवात करायची. त्यातच ओळीच्या शेवटाकडे एखादा स्वर अर्ध्या पायरीने चढवायचा असला, तर तो बऱ्याचदा लिहिलेलाच नसे. गायकाने प्रथेप्रमाणे आपण होऊन लावायचा. माझ्या मते या संगीताचा खरा कस इथेच लागतो.

हे घराघरांत पोचलं ते छपाईमुळे. ओत्ताव्यानो पेत्रुच्ची या मुद्रकाने 1498 मध्ये व्हेनिसच्या सरकारकडून संगीत छापण्याचा वीस वर्षांचा हक्क मिळवला आणि 1501 मध्ये ‘ओडेकाटॉन’ हे गाण्यांचं पुस्तक काढलं. नावात शंभर गाणी, आत 96. काम अतिशय देखणं, पण स्वर ज्यांवर मांडतात त्या पाच रेषा, स्वर आणि अक्षरं वेगवेगळी छापायची म्हणून एकच कागद पुन्हा पुन्हा यंत्राखाली घालावा लागे. रेषेवरचा स्वर केसभरही सरकून चालत नसे. साहजिकच वेळ आणि पैसा दोन्ही जास्त.

सगळे पेत्रुच्चीचंच नाव घेतात, पण घरगुती गायकांसाठी मला पॅरिसचा मुद्रक प्येर आतेन्यां जास्त महत्त्वाचा वाटतो. 1528 पासून तो अशा खिळ्यांनी (छपाईच्या धातूच्या ठशांनी) छापू लागला, ज्यात स्वर आणि त्यामागचा पाच रेषांचा तुकडा एकत्रच ओतलेला होता. एका दाबात पान तयार. त्याची पानं जवळून पाहा, प्रत्येक स्वराच्या दोन्ही बाजूंना रेषा बारीक तुटलेल्या दिसतात. दिसायला ओबडधोबड, पण स्वस्त. हीच पद्धत पुढे व्हेनिसमध्येही रुळली. आर्काडेल्ट या संगीतकाराच्या चार आवाजी माद्रिगालांचं (इटालियन कवितांवरच्या गाण्यांचं) पहिलं पुस्तक तिथे 1539 मध्ये निघालं आणि पुढे शंभरेक वर्षं पुन्हा पुन्हा छापलं जात राहिलं. एवढा खप चर्चच्या गायकांवर होत नाही, घरी गाणारी माणसं लागतात.

स्वतः करून पाहायचं असेल तर त्याच पुस्तकातलं ‘इल ब्यांको ए दोल्चे चिन्यो’ घ्या. चौघांना चार वेगळे कागद द्या, पूर्ण प्रत कुणालाच दाखवू नका. लिहिलेल्या पट्टीला चिकटून राहू नका. आपण गळ्याला झेपेल तो षड्ज धरतो, तशी तेव्हाही गायक सोयीची उंची ठरवून घेत.