मुंबईत रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढायचेत, पण कॅमेरा वर घेतला की धीर होत नाही. सुरुवात कुठून करू?

तुमची भीती मला चांगलीच ओळखीची आहे. पहिले सहा महिने मी फक्त पाठमोरी माणसं टिपली. त्यातला एकही फोटो आज बघवत नाही.

माझं एकच सांगणं आहे, शहरभर भटकू नका. एक जागा धरा आणि तिथेच परत परत जा. माझी जागा दादरचा फूलबाजार. पहाटे पाचला झेंडूची पोती सुटत असतात, "बाजू, बाजू!" करत हमाल अंगावरून जातात. पहिले काही दिवस कॅमेरा पिशवीतच राहू द्या. चहा घ्या, कडेला उभ्या राहा, कोण कुठे बसतं ते बघा.

तिथे एक मावशी गजरे करतात. दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलेलं. चार कळ्या, एक फास, पुन्हा चार कळ्या. नजर मात्र सगळा वेळ गिऱ्हाइकावर. तिसऱ्या खेपेला त्याच म्हणाल्या, "नुसती बघत काय बसलीस? काढायचा तर काढ." मी अंगठ्याचा काढला आणि पुढच्या आठवड्यात प्रिंट नेऊन दिली. "पाय कसले काढलेस, तोंड कुठंय माझं?" मग पदर सारखा करून बसल्या. प्रिंट जरूर द्या, वीस-तीस रुपयांत होते.

भारतातल्या पहिल्या महिला छायापत्रकार होमाई व्यारावाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना त्यांनी वर्गमैत्रिणींचे फोटो काढले. 1930च्या दशकातली मुंबईची तरुण मुलगी त्यांत दिसते. परक्या माणसासमोर त्या मुली इतक्या मोकळ्या बसल्या असत्या असं मला वाटत नाही.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर मोबाइलही चालेल. कॅमेराच असेल तर फुल फ्रेमवर (म्हणजे जुन्या फिल्मएवढा मोठा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) 35 मिमी लेन्स, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ 8वर आणि फोकस अडीच मीटरवर. पावणेदोन ते पाच मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं, मध्येच फोकस शोधत बसावं लागत नाही. उजाडल्यावरच, अर्थात, एफ 8ला उजेड बराच लागतो.

एकदा मी फूटपाथवर झोपलेल्या माणसाचा फोटो काढला. शेजारची बाई शांतपणे म्हणाली, "तुमच्या घरात झोपलेल्याचा असा कोणी काढला तर?" तिथल्या तिथे पुसला. तेव्हापासून झोपलेल्या माणसावर कॅमेरा धरत नाही.

आणि प्रत्येक फोटोला तारीख, जागा लिहा. लहानपणापासून काळीपिवळी पद्मिनीतून फिरले, मीटर डाऊन होतानाचा तो खटका अजून कानात आहे, पण त्या मीटरचा एकही फोटो माझ्याकडे नाही. 2023च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सी रस्त्यावरून गेली. आता मावशींचा फोटो काढताना मागचा वजनकाटा, पाण्याची बादली, टोपलीला चिकटवलेला क्यूआर कोड, सगळं चौकटीत येऊ देते.