वेदेहिका, पाण्याचा दिवस आणि आपला राग

जय भीम ताई.

तुमचा प्रश्न नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडतो. तुमच्या गल्लीत चार-पाच दिवसांआड पाणी येतं. शेजारचे नळाला थेट टिल्लू मोटर लावतात, मग तुमच्याकडे नुसती करंगळीएवढी धार. इतकी वर्षं तुम्ही बोलला नाहीत, कारण घरात रोज वंदना होते आणि गल्लीत तुम्हाला 'शांत बाई' म्हणतात. गेल्या पाण्याच्या दिवशी तोल गेला, तोंडाला येईल ते बोललात, भरलेली घागर रस्त्यावर आदळलीत. घरी मिस्टर म्हणाले, एवढी वर्षं त्रिशरण-पंचशील म्हणून काय उपयोग? आता तुम्ही विचारता की बुद्धांनी राग गिळायला सांगितलंय का, या वयात स्वभाव बदलतो का, आणि विपश्यनेला, म्हणजे ध्यानाच्या शिबिराला, जावं का.

राग गिळा, असं सांगितलेलं मला तरी कुठे सापडलं नाही. उलट तुमच्यासारखीच एक 'शांत बाई' त्रिपिटकात, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथांत, आहे. त्यातल्या मज्झिम निकायातलं ककचूपम सुत्त (सुत्त म्हणजे उपदेश) म्हटलं की करवतीची उपमा, करवतीने अंग कापलं तरी मनात द्वेष नको, ही सगळ्यांना आठवते, पण त्याच सुत्तातली वेदेहिका सहसा कुणी सांगत नाही. ती श्रावस्तीतली गृहिणी. सौम्य, नम्र, शांत असा तिचा गावभर लौकिक. तिची दासी काली कामाला चोख. एकदा कालीच्या मनात आलं, बाईंना राग खरंच येत नाही, की माझं काम वेळच्या वेळी होतं म्हणून तो बाहेर पडत नाही? बघू या तरी. म्हणून ती मुद्दाम उशिरा उठली.

"काय गं काली, एवढा उशीर?"

"काही नाही बाई."

"काही नाही, तरी उशीर?" बाईंच्या कपाळाला आठी पडली.

दुसऱ्या दिवशी काली आणखी उशिरा उठली, तेव्हा आठीबरोबर शब्दही बाहेर पडले. त्याच्या पुढच्या वेळी वेदेहिकेने दाराचा अडसर उचलला आणि तिच्या डोक्यात घातला. फुटलेलं डोकं घेऊन काली शेजारणींकडे गेली, म्हणाली, बघा तुमच्या शांत बाईंचं काम. सगळा लौकिक पाण्यात गेला.

ही गोष्ट बुद्ध कुणा गृहिणीला हिणवायला सांगत नाहीत, समोर भिक्खू बसलेत. अप्रिय शब्द कानावर पडत नाहीत तोवर कुणीही सौम्य असतो, कसोटी ते शब्द पडल्यावर लागते, असं ते भिक्खूंना सांगतात. चीवर (भिक्खूचं वस्त्र) आणि भिक्षा मिळते म्हणून नम्र वागणाऱ्याला ते नम्र म्हणायलाही तयार नाहीत. सोलापुरात हे पडताळायला फार लांब जावं लागत नाही. उजनी धरण काठोकाठ भरलेलं असो की तळाला गेलेलं, आपल्याकडे पाणी सोडणारा चावीवाला रात्री-अपरात्री येणार, आणि एरवी 'वहिनी, वहिनी' करणाऱ्या बायका पंधरा मिनिटांत एकमेकींचं खानदान काढणार. पाणी रोज आलं असतं तर आख्खी गल्ली शीलवान दिसली असती!

आता वेदेहिकेचे ते दिवस पुन्हा बघा. आधी आठी, मग शब्द, मग अडसर. आठीपाशी कुणीतरी तिला थांबवलं असतं तर? हे थांबवणारं दुसरं कुणी नसतं. सतिपट्ठान सुत्तात चित्ताबद्दल एक साधं वाक्य आहे, 'सदोसं वा चित्तं सदोसं चित्तन्ति पजानाति'. चित्तात द्वेष असेल तर द्वेष आहे, एवढं जाणायचं. तो नाहीच असं दाखवायचं नाही, आणि तो आला म्हणून स्वतःला झोडपायचंही नाही. तुमची अडचण मला इथे दिसते. वंदना करणाऱ्या बाईला राग येऊच नये असं तुम्ही धरून चाललात, म्हणून येणाऱ्या रागाकडे कधी बघितलंच नाहीत. तो साठत गेला.

बघायचा कसा, तर अंगावर. मोटरची घरघर सुरू झाली की डोक्यात वाक्यं तयार व्हायच्या आधी शरीरात काहीतरी होतं. माझा जबडा आवळला जातो, मानेच्या मागे गरम होतं, हातातली पाइप नकळत घट्ट धरली जाते. शब्द त्याच्यानंतर येतात. तुमचं वेगळं असेल, कुणाच्या पोटात खड्डा पडतो, कुणाचे हात थरथरतात. पुढच्या पाण्याच्या दिवशी फक्त तेवढं हुडकून ठेवा, बाकी काही करू नका. धम्मपदाच्या कोधवग्गात (गाथा 222) म्हटलंय, भरकटलेल्या रथासारखा उसळलेला राग जो आवरतो त्यालाच मी सारथी म्हणतो, बाकीचे नुसते लगाम धरून बसलेले. रथ उलटल्यावर आवरायचं काही उरत नाही, म्हणून जबड्यापाशीच लक्ष हवं.

मनात घर करून बसलेल्या रागासाठी अंगुत्तर निकायात पाच उपाय आहेत. त्या माणसाबद्दल मैत्री, नाही जमली तर करुणा, तीही नाही तर उपेक्षा, तेही नाही तर त्याचा विचारच मनात न आणणं, आणि शेवटी हे आठवणं की तो आपल्या कर्माचा वारस आहे. कुणी पायऱ्या समजतात, पण माझ्या मते ज्याला जे पेलेल ते त्याने उचलावं. मोटर लावणाऱ्या शेजाऱ्याबद्दल रात्री दोन वाजता मैत्रीभावना करायला मलाही जमत नाही, उपेक्षा जमते. दिवसा, त्यांची म्हातारी दारात बसलेली दिसली की करुणाही जमते.

आता मुख्य गोष्ट. गप्प बसणं म्हणजे धम्म, हे कुणी शिकवलं आपल्याला? पाण्यासाठी तर आपल्याकडे महाड आहे. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचं पाणी पिऊन झाल्यावर आपल्या माणसांवर हल्ला झाला, डोकी फुटली. उलटून मारायला शेकडो तयार होते, बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. पण ते घरी जाऊन गप्प बसले नाहीत. खटला लढवला, आणि 1937 मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. नागपूरची दीक्षा 1927 ला अजून 29 वर्षं पुढे होती, तरी हात आवरून हक्क न सोडण्याची ही रीत मला कुठल्याही प्रवचनापेक्षा धम्माच्या जवळची वाटते.

शेजाऱ्यांशी बोलायचंच आहे, पण कसं? दुसऱ्याची चूक दाखवणाऱ्याने पाच गोष्टी पाहाव्यात असं सुत्तात आहे: वेळ योग्य हवी, बोलणं खरं हवं, मऊ हवं, कामाचं हवं आणि मनात द्वेष ठेवून नको. पाण्याच्या वेळी बोललात तर पहिल्यातच नापास. मधल्या कोरड्या दिवशी, संध्याकाळी, त्यांच्या दारात जा. "तुम्ही नेहमीच असं करता" म्हणू नका, ते खरं नसतं. "मोटर सुरू झाली की आमच्या दोन टाक्यांतली एकही भरत नाही" म्हणा, ते खरं आहे. आवाजाकडे लक्ष ठेवा. मी टॉवेल कारखान्यात उमर घालवली, मागांच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू जात नाही, त्यामुळे माझं साधं बोलणंही घरच्यांना भांडण वाटतं. माझ्यासारख्यांनी बायकोला पुढे पाठवावं.

आदळलेल्या घागरीचं काय करायचं तेही याच भेटीत उरकून टाका. आपल्या मुलाला, राहुलला केलेल्या उपदेशात बुद्ध सांगतात, आपल्या कृतीने त्रास झाला असं दिसलं तर ती उघड करावी आणि पुढे जपावं. "त्या दिवशी जास्त बोलले" एवढं पुरे. सल्लत्थ सुत्तात दुःखाला पहिला बाण म्हटलंय आणि त्यावर मनाने कुढत बसण्याला दुसरा. आठवडाभर स्वतःला कोसत बसणं हा तो दुसरा बाण, पहिला लागला तो लागला. आणि मिस्टरांना वेदेहिकेची गोष्ट नक्की ऐकवा. टाकी भरायला रात्री ते उठतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही!

स्वभावाचं म्हणाल तर राहुलला सांगितलेली पद्धत हीच त्याची वाट आहे: करण्याआधी, करताना आणि केल्यावर, तिन्ही वेळा बघायचं. वय आड येतं असं मला दिसलेलं नाही. आमच्या विहारात वर्षावासात (पावसाळ्याच्या तीन महिन्यांत) बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालतं, तिथे साठी उलटलेल्या बायका आधी ऐकायच्या, आता वाचतात आणि वाद घालतात.

विपश्यनेला जरूर जा. शिबिर दहा दिवसांचं असतं, पहाटे चारला उठणं, मौन, फी नाही, शेवटी इच्छेप्रमाणे दान. सुरुवातीचे दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना. वर जे अंगावर बघायला सांगितलं तेच तिथे तासन् तास करतात. पण तिथून आल्यावर मोटर आपोआप बंद होईल असं समजू नका. शेजारी बोलून ऐकले नाहीत तर झोन ऑफिसला लेखी अर्ज द्या, गल्लीतल्या दोन-चार घरांच्या सह्या घ्या, अर्जात कुणाचा अपमान होईल असा शब्द नको. पोचवर शिक्का मारून घ्यायला विसरू नका, नाहीतर अर्ज आलाच नाही म्हणतात.