कृत्रिम गुडघ्याजवळ हाड मोडल्यास

प्रश्न : माझ्या ७४ वर्षांच्या आईच्या गुडघ्याचे काही वर्षांपूर्वी प्रत्यारोपण झाले होते. नुकतीच ती न्हाणीघरात घसरून पडली आणि गुडघ्याच्या जरा वर मांडीचे हाड मोडले. सांधा पुन्हा बदलावा लागेल का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : बदलावाच लागेल असे नाही. बसवलेला सांधा हाडाला घट्ट आहे की सैल झाला आहे, यावर बरेचसे अवलंबून असते. ते एक्स-रेवरून, गरज पडल्यास सीटी स्कॅनवरून तपासतात. घट्ट असेल, तर सहसा तो तसाच ठेवून बाजूने लॉकिंग प्लेट (स्क्रू जिच्यात पक्के बसतात अशी धातूची पट्टी) लावतात किंवा, सांध्याच्या रचनेत तशी वाट असल्यास, गुडघ्यातून हाडाच्या पोकळीत सळई घालतात. ही वाट आहे की नाही हे इम्प्लांटच्या, म्हणजे बसवलेल्या कृत्रिम सांध्याच्या, बनावटीवर ठरते, म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेच्या फाइलमधील इम्प्लांटचे स्टिकर शोधून डॉक्टरांना अवश्य दाखवावेत. सांधा सैल असेल किंवा खालच्या तुकड्यात स्क्रू धरण्याइतके हाड उरले नसेल, तर मात्र तो बदलण्याचा विचार करावा लागतो.

या वयात दीर्घकाळ अंथरुणावर राहिल्यास न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या आणि शय्याव्रण (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) यांचा धोका वाढतो, त्यामुळे शस्त्रक्रिया विनाकारण लांबवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरी येण्यापूर्वी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि हाडांच्या ठिसूळपणावरील उपचार यांविषयी आपण स्वतःहून विचारा. ही गोष्ट फार वेळा राहून जाते.