व्हीलचेअरवर दिवसभर बसणाऱ्या वडिलांसाठी कोणतं कुशन घ्यावं: एअर, जेल की फोम?

तुम्ही तीन पर्याय लिहिलेत आणि शेवटी सहज विचारलंत, "की मेडिकलमध्ये मिळते ती रबरी रिंग चालेल?" त्या एका ओळीमुळे लिहायला बसले. नाही चालणार. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण ती रिंग घरात आणू नका.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. सासरे जिन्यावरून पडले, मणक्याला मार लागला आणि कमरेखालची संवेदना गेली. बसलं की सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. आपल्याला तिथे अवघडलं की आपण नकळत हलतो. बाबांना अवघडल्याचं कळतच नाही. हाड आणि खुर्ची यांच्यामध्ये मांस चेपतं, रक्त पोचत नाही, आणि जखम पुष्कळदा आत हाडापाशी सुरू होते. वर दिसते तोवर आतलं नुकसान होऊन गेलेलं असतं. हे मला फिजिओथेरपिस्टने नीट समजावलं होतं आणि त्यांच्या सांगण्यावरून आणलेल्या कुशनवर बाबांचं बरं चाललं होतं.

गणपतीत नणंद आल्या, पुण्याहून, रिंग घेऊन. "आमच्याकडे मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर हीच वापरली, काय आराम पडला म्हणून सांगू!" मी म्हटलं, ताई, तिथे दुखणारी जागा अधांतरी ठेवायची होती. इथे भार पसरायचा आहे. रिंगवर तो सगळा कडेवर येतो आणि मधल्या मांसाचा रक्तपुरवठा चहूबाजूंनी आवळला जातो. तर म्हणे, "तू कधीपासून डॉक्टर झालीस?" आमचे हे पेपरात डोकं घालून बसले होते. बहीण आली की ह्यांना पेपर फार वाचायचा असतो.

अनंत चतुर्दशीला इंदूरमध्ये रात्रभर झांक्या, म्हणजे मिलवाल्यांचे रोषणाईचे चित्ररथ, निघतात. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, तरी तिची झांकी निघते. बाबांची उमर मिलमध्ये गेलेली, ते घरी थांबणं शक्यच नव्हतं. जेल रोडवर ओळखीच्या दुकानापुढे खुर्ची लावली, कुशन घरी, खाली रिंग. मी सारखी म्हणत होते, त्यांना थोडं पुढे वाकवू या. ताईंचं एकच, "बघू दे ग त्यांना निवांत!" पहाटेपर्यंत असंच. सकाळी अंग पुसताना डाव्या बाजूला जांभळट डाग दिसला. बोटाने दाबला तरी फिका पडेना. पुढे कातडी उकलली, ड्रेसिंग सुरू झालं, दिवाळी बाबांनी पालथं पडून काढली. आणि नातेवाइकांत बातमी काय गेली, तर "सुनेचं लक्ष नसतं हो." भाऊबीजेला आलेल्या सासूबाईंच्या भावजयीने मला कूस कशी बदलायची ते शिकवलं. मला!

असो. संवेदना नसेल तर माझं मत एअर कुशनला. अट एकच, घरात कोणीतरी रोज हात घालून बघणारं हवं. माणसाला बसवून त्याच्या बैठकीच्या हाडाखाली हात सरकवायचा. हाड आणि कुशनचा तळ यांत अर्धा ते एक इंच अंतर पाहिजे. हवा कमी असली तर हाड तळाला टेकतं. जास्त असली तर कुशन टणक होतं, म्हणजे पाटावर बसवल्यासारखंच. लोक पंप हातात आला की भरतच सुटतात. इतकं लक्ष देणं होणार नसेल तर बैठकीच्या आकाराचं चांगलं फोम घ्या आणि ते चेंबलं की बदला, जीव लावू नका. जेल जड असतं, हाडाखालून बाजूला सरकतं, रोज मळून सारखं करावं लागतं. मला नाही आवडलं.

कुशनवर टॉवेल, घडी केलेली चादर, आजीची दुलई, काही घालू नका. घड्या रुततात आणि कुशनला खाली दबता येत नाही. सोबत येतं ते ताणणारं कव्हरच ठेवा. खुर्चीचा पायटा, म्हणजे पाय टेकवायची पट्टी, फार उंच असेल तर मांड्या उचलल्या जातात आणि सगळा भार मागे हाडांवर जातो. हे कोणी बघत नाही, सगळे कुशनच्या किमतीवर चर्चा करतात.

आणि कितीही महागडं आणलंत तरी दर पंधरा ते तीस मिनिटांनी भार हलवावाच लागतो: छाती मांड्यांकडे झुकवून किंवा एका बाजूला कलवून, दोनेक मिनिटं. हातांवर जोर देऊन क्षणभर उचलून परत टेकवणं पुरत नाही. "बघू दे निवांत" म्हणणारे पाहुणे आले तर त्यांनाच हे काम द्या आणि रात्री त्वचाही त्यांनाच तपासायला लावा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. काळपट, गरम किंवा कडक लागणारी जागा शोधायची. तसं काही सापडलं तर त्या जागेवर बसवणं बंद आणि डॉक्टर, कुशनची खरेदी त्यानंतर.

तुमच्या वडिलांना नेमकं काय झालंय ते तुम्ही लिहिलं नाहीत. अर्धांगवायू असेल आणि ते एका अंगाला कलत असतील तर एअर कुशनवर डोलतात, घाबरतात. मग मी वर म्हटलेलं सोडा, घट्ट बूड असलेलं फोम किंवा कप्प्याकप्प्यांनी हवा भरता येणारं कुशन बघा. विकत घेण्याआधी त्यांना त्यांच्याच खुर्चीत, त्यावर बसवून बघा. दुकानदार कुरकुर करेल, करू दे.